पुण्याच्या उन्हाळ्यात फळांचे आणि चीजचे रंगीत ताट: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ज्यांच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पायऱ्यांची आरास मांडली जात असे, त्यांना फळांचे आणि चीजचे ताट ही कल्पना सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही. कलिंगडाचे कोरलेले कमळ, खरबुजाच्या फोडी, द्राक्षांचे घोस, वाटीत आंब्याची डाळ आणि पेल्यात पन्हे अशी मांडणी चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत पुण्याच्या अनेक घरांत होत आली आहे. परदेशात ज्याला ग्रेझिंग बोर्ड म्हणतात, त्यात मुळात याहून फारसे वेगळे काही नसते. पाहुण्यांनी गप्पा मारता मारता हवे ते, हवे तेवढे स्वतः उचलून खावे, एवढाच त्यामागील हेतू असतो. फरक इतकाच, की तेथे मधोमध चीज असते आणि वाढायला कोणी उभे नसते.

मात्र हा प्रकार ज्या थंड देशांत रूढ झाला, तेथील सूचना आपल्याकडे जशाच्या तशा उचलून चालत नाही. तेथे चीज खाण्यापूर्वी तासभर आधी फ्रीजबाहेर काढून ठेवावे असे सांगतात, कारण त्यांच्या घरातील हवा विशीच्या आसपास असते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो, आणि दुधातील स्निग्धांश विशीच्या पुढे मऊ पडू लागून शरीराच्या तापमानाच्या आसपास जवळजवळ पूर्ण वितळतो. म्हणजे येथे चीज तासभर बाहेर ठेवले, तर त्यावर तेलाचे थेंब उभे राहतात आणि काप एकमेकांना चिकटतात. म्हणून या लेखात सजावटीला कमी आणि वेळ, गारवा व पाणी या तीन गोष्टींना अधिक जागा दिलेली आहे. रंगांची काळजी फारशी करावी लागत नाही. उन्हाळ्यातील फळे ती स्वतःच घेतात.

हे शहाणपण मला पहिल्याच प्रयत्नात आले. मे महिन्यातील एका रविवारी पाहुणे सहाला येणार म्हणून मी चारलाच सगळे मांडून टेबलावर ठेवले आणि वर पंखा लावून दिला. पंख्याने पदार्थ गार राहतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात चीजच्या कडा वाळून तडकल्या, मधला भाग तेलकट झाला, आणि कलिंगडाला सुटलेले पाणी हळूहळू बिस्किटांखाली शिरून त्यांचा लगदा झाला. पाहुण्यांनी द्राक्षे आणि बदाम संपवले व बाकीच्या ताटाचे तोंडभरून कौतुक केले.

वेळ आणि जागा आधी ठरवावी

सूर्यास्तानंतरची वेळ सर्वांत सोयीची असते. पुण्याची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्यामुळे दिवस मावळल्यावर उकाडा मुंबईपेक्षा लवकर उतरतो, आणि साडेसात-आठच्या सुमारास गच्चीवर किंवा अंगणात बसण्याजोगा वारा सुटतो. गच्चीची फरशी मात्र दिवसभर तापलेली असते आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब सोडत राहते. म्हणून ताट जमिनीवर सतरंजीवर न ठेवता उंच टेबलावर ठेवावे. घरात मांडायचे असेल तर पंख्याच्या थेट झोताखालची आणि पश्चिमेच्या भिंतीलगतची जागा टाळावी.

दुधाचे पदार्थ आणि कापलेली फळे फ्रीजबाहेर किती वेळ ठेवावीत, याचा अन्नसुरक्षेतील सर्वमान्य आडाखा दोन तासांचा आहे, आणि भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तो एका तासावर येतो. याचा अर्थ असा, की दहा-बारा माणसांसाठी एकच भव्य ताट मांडण्यापेक्षा मध्यम आकाराचे ताट मांडावे आणि तेवढाच साठा डब्यांत भरून फ्रीजमध्ये तयार ठेवावा. ताट अर्धे रिकामे झाले की ते आत नेऊन पुन्हा भरून आणावे. एकदाच मांडलेले अवाढव्य ताट छायाचित्रात शोभते हे खरे, परंतु शेवटी आलेल्या पाहुण्याच्या वाट्याला त्यातले काय येते, हाही विचार करावा लागतो.

चीजची निवड

नवख्या माणसाने तीन प्रकारांपलीकडे जाऊ नये, आणि ते तीन एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे असावेत: एक कडक व तिखटसर चवीचे, एक मवाळ, आणि एक खारट किंवा पसरता येण्याजोगे. पहिल्यासाठी चेडर, दुसऱ्यासाठी गौडा आणि तिसऱ्यासाठी फेटाच्या पद्धतीचे चीज घेतले तर उन्हाळ्यात ते बऱ्यापैकी तग धरतात. ब्रीसारखे पांढऱ्या सालीचे मऊ चीज चवीला उत्तम असले, तरी मेच्या उकाड्यात ते अर्ध्या तासात ताटभर वाहू लागते. त्याचा मोह डिसेंबरपर्यंत आवरावा. आणखी एक प्रकार हाताशी असावा, तो म्हणजे आपला चक्का. मलईच्या दह्याचा घट्ट बांधलेला चक्का, चवीपुरते मीठ, भरडलेली मिरी आणि ठेचलेल्या लसणाची एक पाकळी एवढ्यावर जे तयार होते, ते विकतच्या क्रीम चीजची उणीव भासू देत नाही. एक किलो दह्यापासून साधारण चारशे ग्रॅम चक्का पडतो. उन्हाळ्यात दही फ्रीजमध्येच चाळणीत बांधून ठेवावे, कारण बाहेर टांगलेला चक्का रात्रीतून आंबट होतो.

खरेदी करताना वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी. केवळ चीज असे लिहिलेले, प्रोसेस्ड चीज असे लिहिलेले आणि ॲनालॉग असे लिहिलेले, हे तीन वेगळे पदार्थ आहेत. पहिले दूध विरजून, त्यातील निवळी काढून आणि पुढे मुरवून केलेले असते. दुसरे म्हणजे तयार चीज वितळवून त्यात क्षार मिसळून पुन्हा थापलेले असते. आपल्या लहानपणापासूनच्या ओळखीचे डबाबंद चीज आणि चौकोनी क्यूब याच जातीचे असतात. तिसऱ्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असू शकते, आणि ते ताटासाठी घेऊ नये. प्रोसेस्ड चीजला जाणकार नाके मुरडतात, पण त्याचा एक गुण मान्य करावाच लागतो: त्या क्षारांमुळे त्यातील स्निग्धांश सहजासहजी सुटत नाही आणि ते उकाड्यात अधिक वेळ सावरून राहते. पाहुण्यांत मुले बरीच असतील तर त्याचे काही तुकडे ठेवण्यात कमीपणा मानू नये. बहुधा सर्वांत आधी तेच संपतात.

शाकाहारी पाहुण्यांच्या दृष्टीने एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते. दूध विरजण्यासाठी परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट वापरले जाई आणि युरोपातील काही जुन्या प्रकारांत, उदाहरणार्थ अस्सल पार्मेझानमध्ये, ते आजही वापरतात. भारतात तयार होणाऱ्या चीजमध्ये सर्वसाधारणपणे सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट असते आणि वेष्टनावर हिरवा ठिपका असतो. आयात केलेल्या चीजवर तो ठिपका आहे की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे. मंचरच्या परिसरातील दुग्धव्यवसायामुळे आणि शहरात चीज तयार करणाऱ्यांमुळे पुण्यात देशी चीज सहज मिळते; कॅम्प आणि कोरेगाव पार्क भागांतील मोठ्या किराणा दुकानांत बरेच प्रकार एकाच ठिकाणी पाहता येतात, आणि काही दुकानांत चव घेऊनही खरेदी करता येते.

प्रमाणाचा हिशेब असा धरावा. नंतर जेवण असेल तर माणशी पन्नास ग्रॅम चीज पुरते. ताट हेच जेवण असेल तर शंभर ग्रॅम धरावे. दहा माणसांच्या संध्याकाळच्या बैठकीसाठी चेडर दोनशे, गौडा दोनशे आणि फेटा दीडशे ग्रॅम घेतले, व जोडीला अर्धा किलो दह्याचा चक्का बांधला, तर उणे पडत नाही. कापलेली फळे माणशी दीडशे ते दोनशे ग्रॅम लागतात, आणि पुणेकर पाहुणे चीजपेक्षा फळे अधिक उचलतात असा माझा अनुभव आहे.

फळे: ऋतू पाहूनच यादी करावी

मंडईत किंवा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन जे दिसेल ते पाहून यादी करणे, हा सर्वांत शहाणा मार्ग होय. मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या आरंभी नाशिक, सांगली व नारायणगाव भागांतील द्राक्षे अजून मिळत असतात, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आवरत आलेली असते आणि पुरंदरचे अंजीर बाजारात असते. एप्रिलच्या मध्यापासून हापूसचा भाव सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागतो. मेमध्ये करवंदे, ताडगोळे आणि फणसाचे गरे येतात, तर महिना सरता सरता जांभळे दिसू लागतात. कलिंगड आणि खरबूज या साऱ्या काळात हजरच असतात. लाल, केशरी, हिरवा, जांभळा आणि पांढरा असे पाच रंग ताटात असावेत असे म्हटले, तर कलिंगड, हापूस, हिरवी द्राक्षे, करवंदे आणि ताडगोळे एवढ्यावर ते जमून जातात. त्यासाठी न्यूझीलंडची किवी आणण्याची आवश्यकता नाही.

कलिंगड घेताना त्याची जमिनीला टेकलेली बाजू पाहावी. तेथील डाग पांढुरका असेल तर फळ लवकर तोडलेले असते आणि लोण्यासारखा पिवळा असेल तर वेलीवर पिकलेले असते. खरबुजाच्या देठाविरुद्धच्या टोकाला नाक लावावे. तेथे गोड वास आला नाही, तर घरी नेऊन तो येईल अशी आशा धरू नये. ही दोन्ही फळे कापण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली हाताने किंवा मऊ ब्रशने चोळून धुवावीत. साल खायची नसते म्हणून धुण्याचा कंटाळा केला, तर सुरी सालीवरची माती थेट गरात नेते. खरबुजाच्या जाळीदार सालीत ती अधिक अडकते, आणि दोन्ही फळांत आंबटपणा नगण्य असल्यामुळे कापल्यावर त्यांत जंतू वेगाने वाढतात. म्हणून त्यांच्या फोडी मांडणीच्या क्षणापर्यंत फ्रीजमध्येच असाव्यात.

आंब्याबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ताटासाठी लागणारा हापूस खाण्याच्या आंब्यापेक्षा एक दिवस मागे असावा: रंग पूर्ण चढलेला, देठाशी सुगंध सुटलेला, परंतु अंगठ्याने दाबल्यावर किंचितच दबणारा. पुरता पिकलेला हापूस कापताच पसरतो आणि शेजारच्या सर्व पदार्थांना माखतो. पायरी तर रसासाठीच ठेवावी. बाजारात कर्नाटकातून येणारे हापूससारखे आंबेही असतात; कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून अस्सल मालासाठी विक्रेत्याकडे थेट विचारणा करावी. तरीही ताटापुरते बोलायचे, तर चीजच्या संगतीत घट्ट गराचा कर्नाटकी आंबा पुष्कळ बरा दिसतो, आणि थोडा आंबटसर तोतापुरी त्याहूनही चांगला लागतो. रत्नागिरी किंवा देवगडचा उत्तम हापूस चीजच्या शेजारी मांडणे मला आंब्यावर अन्याय केल्यासारखे वाटते. तो जेवणानंतर, एकटाच खावा. आंबे अर्धा तास पाण्यात ठेवून देठाचा चीक धुऊन काढावा. मग कोयीच्या दोन्ही बाजूंचे गाल कापून, सालीपर्यंत सुरी न जाऊ देता गरावर उभ्या-आडव्या चिरा द्याव्यात आणि साल खालून उलटी दाबावी. चौकोन फुलासारखे उभे राहतात आणि पाहुण्यांना ते काट्याने सहज सोडवून घेता येतात. कोय मात्र कापणाऱ्याच्या हक्काची असते.

द्राक्षे मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून, दोन-तीन पाण्यांतून काढून, फडक्यावर पूर्ण कोरडी करावीत आणि कात्रीने चार-पाच मण्यांचे छोटे घोस करावेत. मोठा घोस ठेवला तर प्रत्येक जण मणी तोडतो आणि शेवटी उघड्या काड्यांचे झाड उरते. घरात पाच वर्षांखालील मुले असतील, तर त्यांच्यासाठी मणी उभे चिरून चार भाग करावेत; अखंड मणी घशात अडकण्याचा धोका खरा आहे. करवंदे धुऊन चीक निघून जाईपर्यंत पाणी बदलावे. जांभळे वेगळ्या वाटीत ठेवावीत, कारण त्यांचा रंग पांढऱ्या चीजवर एकदा चढला की उतरत नाही. अंजीर नाजूक असल्यामुळे शेवटच्या घटकेला केवळ ओल्या फडक्याने पुसून देठाकडून चार चिरा द्याव्यात.

सफरचंद किंवा पेर घेतलेच, तर कापताच लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून काढावे, म्हणजे फोडी काळ्या पडत नाहीत. केळे ताटात घालू नये. ते काळेही पडते आणि चिकटही होते.

एक सूचना पुस्तकांत क्वचितच आढळते, म्हणून ती येथे स्पष्टपणे देतो. ताजे अननस, पपई आणि किवी यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात. या फळांच्या फोडी चक्क्याला किंवा पनीरला टेकून राहिल्या, तर थोड्याच वेळात तो भाग पातळ आणि कडवट होतो. अनेकांना वाटते की दही नासले. वास्तविक दोष अननसाचा असतो. ही फळे हवीच असतील तर ताटाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या वाटीत ठेवावीत. शिजवलेल्या किंवा डबाबंद अननसाने हा उपद्रव होत नाही, कारण उष्णतेने ती विकरे निकामी झालेली असतात.

जोडीचे पदार्थ

चीज स्निग्ध आणि खारट असते, त्यामुळे त्याला आंबट, गोड आणि कुरकुरीत यांची साथ लागते. विदेशी ताटांत त्यासाठी अंजिराचा जॅम, ऑलिव्ह आणि कॉर्निशाँ म्हणजे चिमुकल्या काकड्यांचे आंबट लोणचे ठेवतात. आपल्या फडताळात याहून सरस गोष्टी आधीपासून असतात. कैरीचा मुरांबा आणि चेडर ही जोडी मी कोणालाही डोळे झाकून सुचवीन: मुरांब्यातील वेलदोडा आणि आंबटपणा चेडरच्या तिखटसर चवीला बरोबर तोलून धरतो. साखरांबाही चालतो, गुळांबा गौड्याबरोबर अधिक खुलतो. हिरव्या मिरचीचा ठेचा चक्क्यावर चमच्याच्या टोकाएवढाच ठेवावा. कैरीच्या पातळ कापांवर तिखट-मीठ भुरभुरून ते फेट्याशेजारी मांडले, तर आधी मुले आणि मग मोठी माणसे ताटाभोवती जमतात. तासगाव-सांगलीकडील बेदाणे, अक्रोड, बदाम आणि खारे शेंगदाणे मोकळ्या जागा भरण्यास उपयोगी पडतात. मध एका छोट्या वाटीत निराळा ठेवावा, कारण जैन पाहुणे तो वर्ज्य मानतात.

कुरकुरीत पदार्थांत साधी, फारसे मीठ-मसाले नसलेली बिस्किटे, खारी किंवा तव्यावर कडक भाजलेले पोळीचे त्रिकोण घ्यावेत. बाकरवडी ठेवावी का, असा प्रश्न पुण्यात हमखास विचारला जातो. ठेवू नये. बाकरवडी स्वतःच इतकी भरगच्च असते की तिच्यानंतर गौडा खाल्ला काय आणि साबण खाल्ला काय, जिभेला फरक कळत नाही. ती चहाबरोबर द्यावी.

भांडे कोणते

रुंद लाकडी पाट असेल तर चांगलेच, परंतु केवळ यासाठी तो विकत घेण्याची गरज नाही. लाकूड पॉलिश किंवा वॉर्निश केलेले नसावे, आणि ज्या पाटावर रोज कांदा-लसूण चिरला जातो तो घेऊ नये, कारण लाकूड वास धरून ठेवते. माझ्या मते पुण्याच्या उन्हाळ्यासाठी सर्वांत सोयीचे भांडे म्हणजे स्टीलची मोठी परात. ती आधी तासभर फ्रीजमध्ये ठेवून गार करता येते, आणि तिच्याखाली दुसऱ्या परातीत बर्फाचा चुरा पसरला तर वरचे ताट दीड-दोन तास गार राहते. बर्फात मीठ घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. खडे मीठ घातलेला बर्फ पॉटमधील आइस्क्रीम गोठवण्यासाठी योग्य असतो, त्यावर द्राक्षे मात्र दगड होतील.

तांबट आळीतील तांब्या-पितळेची ताटे पाहून मोह होतो, आणि ती दिसतातही देखणी. मात्र कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट फळे, चक्का किंवा मुरांबा थेट ठेवला की तो कळकतो. अशा ताटावर केळीचे पान अंथरावे आणि ओल्या वस्तू वाट्यांतच ठेवाव्यात. केळीचे पान धुऊन, पुसून, मंद आचेवर क्षणभर फिरवले म्हणजे ते लवचिक होते आणि दुमडताना फाटत नाही. त्याचा गर्द हिरवा रंग फळांखाली फार उठून दिसतो. बिस्किटांसाठी बुरूड आळीतील छोटी बांबूची टोपली उत्तम, कारण तिच्यात हवा खेळती राहते.

क्रमवार तयारी

आदल्या संध्याकाळी चक्का बांधावा, चीज आणावे, कलिंगड व खरबूज अखंडच फ्रीजमध्ये ठेवावेत. पेटीतील आंबे कालपर्यंत अढीत होते तेथेच राहू द्यावेत. पिकण्यापूर्वी फ्रीजमध्ये गेलेला आंबा पुढे नीट पिकत नाही.

समारंभाच्या दिवशी दुपारी चीज थेट फ्रीजमधून काढून लगेच कापावे, कारण गार चीज सुरीला चिकटत नाही. गौड्याचे पातळ त्रिकोण, फेट्याचे चौकोन करावेत. चेडरचे मात्र सुरीच्या टोकाने ओबडधोबड खडे पाडावेत, ते कापांपेक्षा चवीला आणि दिसायलाही बरे असतात. प्रत्येक प्रकार वेगळ्या डब्यात, बटर पेपरचे थर देऊन ठेवावा. चीज शेजारचे वास चटकन घेते, म्हणून त्याच कप्प्यात चिरलेला कांदा किंवा उघडे लोणचे नसावे. फेटा पाण्यातील असेल तर कापल्यावर फडक्यावर निथळत ठेवावा.

पाहुण्यांच्या दीड तास आधी फळे कापावीत. कलिंगडाच्या फोडी चाळणीवर ठेवून त्यांचे पाणी खाली गळू द्यावे आणि मगच चाळणीसह फ्रीजमध्ये सरकवाव्यात. ही एक पायरी गाळली, तर पुढची सारी मेहनत पाण्यात जाते, आणि हे मी शब्दशः म्हणत आहे. कलिंगडावर आधी मीठ किंवा फेटा घालू नये. मिठाने पाणी अधिकच सुटते. तो संयोग खाणाऱ्याने आपल्या ताटलीत करावा.

मांडणीला पाहुणे येण्याआधी वीस मिनिटे बसावे. आपण पानात आधी मीठ, लिंबू, चटणी वाढतो आणि त्यांच्या अनुषंगाने बाकीचे पान भरतो. येथेही तोच क्रम धरावा. प्रथम वाट्या ठेवाव्यात: चक्का, मुरांबा, मध, जांभळे. त्या एका ओळीत न ठेवता त्रिकोणात ठेवल्या तर ताटाला तोल येतो आणि चार दिशांनी हात पोहोचतात. त्यानंतर चीज, प्रत्येक प्रकार आपल्या जोडीच्या वाटीजवळ: चेडर मुरांब्याशेजारी, फेटा मधाच्या पलीकडे. मग आंब्याची फुले आणि कलिंगडाच्या फोडी यांसारखी मोठी फळे, परंतु चीजला न टेकता. कलिंगडाखाली केळीच्या पानाचा वेगळा तुकडा द्यावा आणि त्याची कड किंचित वर वळवावी, म्हणजे पाणी तेथेच अडते. पुढे द्राक्षांचे घोस, अंजीर, करवंदे. एकाच रंगाची दोन फळे शेजारी न येतील एवढे पाहावे. आंब्याला लागून खरबूज ठेवले तर दोन्ही फिके पडतात, त्यांच्यामध्ये काळी किंवा हिरवी द्राक्षे आली की दोन्ही उजळतात. उरलेल्या फटी सुक्या मेव्याने आणि पुदिन्याच्या शेंड्यांनी भराव्यात. बिस्किटे टोपलीत, ताटाबाहेर, आणि तीही पाहुणे बसल्यावर आणावीत.

मांडत असताना चीज सर्वांत शेवटी फ्रीजमधून बाहेर आले तरी बिघडत नाही. त्याची जागा राखून ठेवावी म्हणजे झाले. पुण्याच्या उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांत ते खाण्याजोगे मऊ होते. तोपर्यंत ताटावर मलमलीचे ओले न केलेले, स्वच्छ फडके किंवा जाळी झाकावी. मेमध्ये आंब्याच्या वासाला माश्या फार लवकर येतात.

प्रत्येक वाटीत स्वतंत्र चमचा आणि चीजजवळ छोटा चिमटा ठेवायला विसरू नये. तुळशीबागेत असे चिमटे आणि टूथपिकच्या डब्या स्वस्तात मिळतात. आंब्याने हात भरतात, म्हणून जवळच ओल्या नॅपकिनची तबकडी असावी.

पाहुण्यांचा मान

ज्येष्ठ मंडळींपैकी काहींना फळे आणि दुधाचे पदार्थ एकत्र खाणे हा विरुद्ध आहार वाटतो. अशा वेळी आयुर्वेदावर चर्चा सुरू करू नये. आजी-आजोबांसाठी केवळ फळांची वेगळी ताटली भरून हातात द्यावी. संकष्टी किंवा एकादशी असेल तर उपवास करणाऱ्यांसाठीही तसेच करावे, आणि ती ताटली बिस्किटे हाताळण्यापूर्वी भरावी. चैत्रगौरीच्या निमित्ताने हे ताट मांडणार असाल, तर गौरीपुढे मात्र डाळ, पन्हे, फळे आणि घरचा फराळ एवढेच असावे. चीजचे ताट बाहेरच्या खोलीत ठेवावे, म्हणजे कोणाच्याच मनात किंतु राहत नाही.

उरलेल्याचे काय

तासाभराहून अधिक वेळ उकाड्यात राहिलेल्या कलिंगड-खरबुजाच्या फोडी आणि चक्का पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून उद्या खाऊ, असे ठरवू नये. ते टाकून द्यावे. चेडर आणि गौडा तुलनेने कणखर असतात. त्यांच्या कोरड्या कडा काढून, किसून दुसऱ्या दिवशी सकाळी डोशावर किंवा पराठ्यात वापरता येतात, कारण तेथे ते पुन्हा चांगले तापतात. फेटा ताटावर मोकळा पडला असेल तर तोही ठेवू नये. डब्यांतून बाहेर न काढलेला साठा अर्थातच दोन-तीन दिवस चांगला राहतो, आणि अर्ध्या-अर्ध्या ताटाने वाढण्याचा खरा फायदा तेव्हा लक्षात येतो.

कलिंगडाची जाड साल मात्र फेकू नये. वरची हिरवी पापुद्री सोलून आतला पांढरा गर किसावा, त्यात ज्वारीचे आणि बेसनाचे पीठ, तीळ, ओवा, हिरवी मिरची व कोथिंबीर घालावी, आणि किसाला सुटेल तेवढ्याच पाण्यात पीठ भिजवून थालीपीठ लावावे. आदल्या रात्रीचा ठेचा उरला असेल तर तो याच्याबरोबर संपतो.